खाती हाताने उघडल्याने जबाबदारी येत नाही

जुलै-ऑगस्ट आला, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की सोलापुरातल्या महाविद्यालयांच्या बैठकांत एक मत हमखास मांडलं जातं: विद्यार्थ्यांची संगणकावरची खाती एकेक करून हातानेच उघडावीत, स्क्रिप्टवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, सोडू नयेत. हाताने केलं की प्रत्येक नाव नजरेखालून जातं, चूक झाली तरी एकाचीच होते आणि विचारायला समोर माणूस असतो. स्क्रिप्ट चुकली तर एका मिनिटात हजार जणांचा घोळ. हे म्हणणारी माणसं अनुभवी असतात आणि त्यांची काळजी खरी असते, म्हणूनच या मताला नीट उत्तर द्यायला हवं. प्रयोगशाळांचे सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. माझं म्हणणं असं की आजच्या घडीला हाताने खाती उघडणं हीच जास्त धोक्याची पद्धत आहे, आणि तिला जबाबदारीचं नाव देणं चूक आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे संस्थेतल्या माणसांची एकच यादी. लॅबमधलं मशीन, वायफाय, ग्रंथालयाची प्रणाली, मूडलवरचे वर्ग हे सगळे त्याच यादीला विचारतात की हा कोण आणि याला आत घ्यायचं का. अशा याद्यांसाठी एक्स-५०० नावाचं भारदस्त प्रमाणक १९८८ मध्ये आलं. ते साध्या संगणकांना झेपेना, म्हणून मिशिगन विद्यापीठात त्याची हलकी आवृत्ती तयार झाली आणि १९९३ मध्ये एलडॅप हा प्रोटोकॉल कागदावर आला. पुढे १९९८ मध्ये त्यावर चालणाऱ्या ओपनएलडॅप सर्व्हरचं काम सुरू झालं, विंडोज २००० बरोबर मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली. यादीत भर घालणं, बदल करणं, नोंद काढणं हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून सर्व्हरला देण्याची एलडिफ नावाची पद्धत २००० सालीच प्रमाणित झाली. यादी एकगठ्ठा भरण्याची सोय अशी पाव शतक जुनी आहे. ज्यांना ती नवी आणि बेभरवशाची वाटते, त्यांनी ती वापरून पाहिलेली नसते एवढंच.

आता ‘नजरेखालून जातं’ या मुद्द्याकडे. हाताने खातं उघडताना माणूस नेमकं काय करतो? डाव्या बाजूला एक्सेलची यादी, उजव्या बाजूला सर्व्हरचा फॉर्म. नाव उचलायचं, चिकटवायचं, लॉगिन टाइप करायचं, शाखा निवडायची, पासवर्ड दोनदा टाकायचा, सेव्ह. पुन्हा पुढचं नाव. यात तपासणी कुठे आहे? हा विद्यार्थी खरा की खोटा, त्याचा प्रवेश पक्का की तात्पुरता, शाळा सोडल्याचा दाखला आला की नाही, हे सगळं प्रवेश विभागाच्या खिडकीवर आधीच तपासलेलं असतं. निर्णय तिथे होतो, सही तिथे होते. सर्व्हरसमोर बसलेला माणूस झालेल्या निर्णयाची नक्कल करतो, आणि नक्कल करताना दोनशेव्या नावापर्यंत कुणाचीही नजर टिकत नाही. पासवर्ड दोनदा टाइप करायचा कंटाळा येतो, मग सगळ्यांना एकच पासवर्ड मिळतो: संस्थेचं नाव, मग ‘ॲट’ची खूण, मग एक-दोन-तीन. पहिल्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा पासवर्ड ठाऊक असतो. स्क्रिप्ट प्रत्येकाला वेगळा, अंदाज न येणारा पासवर्ड देते आणि पहिल्या लॉगिनला तो बदलायला लावते. हे करायला तिला कंटाळा येत नाही. ज्याला सुरक्षिततेची काळजी आहे त्याने एवढ्या एका गोष्टीवरूनच आपलं मत तपासावं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या गावाचा आहे. म्हणतात, सोलापूरची नावं मशीनला कळत नाहीत, ती माणसालाच कळतात. नावं अवघड आहेत हे शंभर टक्के खरं. विणकामासाठी तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्यात आडनाव आधी. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून येणारे बिराजदार, हिरेमठ, पाटील यांच्या घरात कन्नड. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांमध्ये ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे लिहिलेलं. काहींना आडनावच नाही, एकच नाव. लक्ष्मी कुणी ‘एक्स’ घालून लिहितं, कुणी ‘केएसएच’ घालून. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधार कार्डावर बहुतेक वेळा नाव आधी. आता या गुंत्यात हाताने लॉगिन बनवणारा काय करतो? जो क्रम त्या दिवशी सुचेल तो लावतो. सोमवारी आडनाव-नाव, गुरुवारी नाव-आडनाव. एकाच वर्गात दोन प्रतीक्षा जाधव असल्या तर दुसरीच्या पुढे ‘२’ येतो, पुढच्या वर्षी तिसरी आली की ‘नवीन’ लागतं. नावं माणसाला कळतात हे मान्य, पण दहा माणसांना ती दहा तऱ्हांनी कळतात. त्यातून जे तयार होतं त्याला यादी म्हणणं कठीण आहे.

स्क्रिप्ट लिहायला बसलं की हा गुंता टाळता येत नाही, तो सोडवावाच लागतो. हा तिचा मोठा गुण आहे. डिरेक्टरीच्या नियमाप्रमाणे व्यक्तीच्या नोंदीत पूर्ण नाव आणि आडनाव हे दोन रकाने रिकामे चालत नाहीत. मग एकच नाव असलेल्या मुलाचं काय? नियम ठरवा: तेच नाव आडनावाच्या जागीही घालायचं आणि अशा नोंदींची वेगळी यादी काढून प्रवेश विभागाला दाखवायची. लॉगिन कशावरून? नावावरून मुळीच नको. लग्नानंतर मुलीचं नाव बदलतं, राजपत्रात जाहिरात देऊन कुणी आडनाव बदलतं, आणि लॉगिनमध्ये जुनं नाव अडकलेलं राहतं. शिवाय ॲक्टिव्ह डिरेक्टरीत लॉगिनला २० अक्षरांची मर्यादा आहे, आपली लांब आडनावं तिथे मधेच तुटतात. विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, चांगला, पण तो पात्रता तपासल्यानंतर, उशिरा हाती येतो. म्हणून लॉगिन प्रवेश क्रमांकावरून, आणि पीआरएन आला की तो त्याच नोंदीत दुसऱ्या रकान्यात.

आणि नावाची रचना इथेच थांबणार नाही. ठरलेल्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम लावण्याचा निर्णय राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतला. ती मुलं पुढे आपल्या दारात उभी राहतील. त्यांच्या नावाचे चार तुकडे कुठल्या रकान्यात जाणार हे स्क्रिप्टमध्ये एका ठिकाणी ठरवता येईल. हाताने भरणाऱ्या पाच जणांना ते पाच वेळा समजावावं लागेल आणि तरीही पाच प्रकार होतील.

देवनागरी नावांची एक अडचण तर डोळ्यांना दिसतच नाही. कुऱ्हाडे या आडनावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एक अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन मिळून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कितीही अनुभवी लिपिक असला तरी त्याच्या नजरेला हा फरक कळणं शक्य नाही. स्क्रिप्टला एका ओळीत सांगता येतं की आधी सगळी नावं एकाच रूपात आण. जुन्या कार्यालयांत श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या अजून फिरतात. युनिकोडमध्ये उघडल्या की त्यांत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. अशी ओळ आली तर स्क्रिप्टने ती घेऊ नये, बाजूला काढून ठेवावी, असाही नियम घालता येतो. मशीनला नावं कळत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. आपण एकदा बसून नियम लिहिले की मशीन ते रोज पाळतं. न लिहिलेला नियम मात्र माणसालाही पाळता येत नाही.

‘एक चूक हजारांची होते’ हा आक्षेप खोडून काढायला सोलापूरकराला लांब जावं लागू नये. आपली चादर जकार्डावर विणली जाते. कागदावर नक्षी, नक्षीवरून भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, कार्डांची माळ मागावर. एका कार्डात भोक चुकलं तर प्रत्येक चादरीत तोच दोष येईल, हे इथल्या प्रत्येक कारखानदाराला ठाऊक आहे. म्हणून कुणी जकार्ड फेकून दिलं नाही. आधी नमुना काढतात, उजेडात पाहतात, दोष दिसला की एक कार्ड बदलतात. सारखा दोष शोधायला सोपा असतो आणि एकाच जागी दुरुस्त होतो. स्क्रिप्टचंही तेच. ओपनएलडॅपच्या नोंदी भरणाऱ्या आज्ञेला एक खूण जोडली की ती प्रत्यक्ष काही न करता, काय केलं असतं तेवढं दाखवते. विंडोजच्या पॉवरशेलमध्येही तशीच सोय आहे. आधी ते पाहावं, मग दहा नोंदी खऱ्या कराव्यात, मग उरलेल्या. मधेच वीज गेली तर स्क्रिप्ट पुन्हा चालवावी. जी खाती झाली आहेत त्यांच्यासाठी सर्व्हर ६८ हा क्रमांक परत करतो, अर्थ एवढाच की ही नोंद आधीच आहे. स्क्रिप्ट ती ओलांडून पुढे जाते. हाताने काम करणाऱ्याची वीज गेली तर तो कितव्या नावापर्यंत आला होता हे त्यालाच आठवावं लागतं.

हाताने झालेली चूक ‘एकाचीच’ असते हेही खरं नाही. लिनक्सच्या लॅबमध्ये प्रत्येक खात्याला एक अंक असतो, आणि फाइल कुणाची हे संगणक नावावरून ओळखत नाही, त्या अंकावरून ओळखतो. दोन लिपिक दोन मशीनवर बसले आहेत, दोघांनी शेवटचा अंक ५१२० पाहिला, दोघांनीही आपापल्या विद्यार्थ्याला ५१२१ दिला. सर्व्हर हे आपणहून अडवत नाही, अडवण्यासाठी वेगळी मांडणी करावी लागते. आता त्या दोघांनाही एकमेकांच्या फाइली आपल्याच म्हणून उघडता येतात, खोडताही येतात. याहून वाईट म्हणजे जुन्या, काढून टाकलेल्या विद्यार्थ्याचा अंक नव्याला देणं. पहिल्या वर्षाची मुलगी लॉगिन करते आणि तिच्या नावावर कुणाचा तरी तीन वर्षांपूर्वीचा प्रकल्प दिसतो. पुढचा अंक सर्व्हरनेच एका दमात वाढवून द्यावा याची तरतूद एलडॅपमध्ये २००६ पासून लिहिलेली आहे. ती स्क्रिप्टला वापरता येते. एक्सेलमध्ये ‘शेवटचा अंक’ लिहून ठेवणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

हे सगळे मुद्दे खातं उघडण्याचे झाले. माझी खरी तक्रार पुढची आहे. हाताने काम करण्याची बाजू मांडणारे फक्त उघडण्याबद्दल बोलतात, बंद करण्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थी दाखल झाल्याची तारीख असते आणि शाळा सोडल्याची तारीख व कारणही असतं. दुसरा रकाना रिकामा राहिला तर मुख्याध्यापकाला जाब द्यावा लागतो. संगणकाच्या खात्यांच्या बाबतीत मात्र तो रकाना नाहीच असं आपण वागतो. अभियांत्रिकीला प्रवेशाच्या फेऱ्या एकामागून एक होतात. पहिल्या फेरीत इथे आलेला मुलगा पुढच्या फेरीत पुण्याला जागा मिळाली की प्रवेश रद्द करून जातो. त्याची फी परत जाते, दाखला परत जातो, खातं तसंच राहतं. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्ष संपलं की जातात, त्यांची खाती राहतात, आणि त्यांना गुण भरण्याचे अधिकार असले तर तेही राहतात. यात लिपिकाला दोष देण्यात अर्थ नाही. नवं खातं उघडलं नाही तर विद्यार्थी खिडकीवर येऊन उभा राहतो. जुनं बंद झालं नाही म्हणून खिडकीवर कुणी येत नाही. ज्या कामाची मागणी करायला माणूसच येत नाही ते काम हातावर चालणाऱ्या पद्धतीत कधीच होणार नाही.

अशा विसरलेल्या खात्याची किंमत काय असते हे जगाने मे २०२१ मध्ये पाहिलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कलोनियल पाइपलाइन अनेक दिवस बंद पडली. खंडणीखोर आत शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला पासवर्डपलीकडे दुसरं कुलूप नव्हतं, आणि पासवर्ड आधीच फुटलेल्या याद्यांमध्ये होता. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. आपल्या महाविद्यालयात तेलाची पाइपलाइन नाही, पण मुलांचे गुण आहेत, जातीचे दाखले आहेत, पालकांचे फोन आहेत, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँकेचे तपशील आहेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपलं की, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेली नसेल तर, ती पुसली पाहिजे. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं आणि १८० दिवसांच्या नोंदी हाताशी ठेवाव्या लागतात. कुणाचं खातं कुणी कधी उघडलं याचीच नोंद नसेल तर सहा तासांत काय कळवणार?

म्हणून माझी मागणी नुसती ‘खाती उघडणारी स्क्रिप्ट’ एवढीच नाही. रोज रात्री प्रवेश विभागाची यादी आणि डिरेक्टरी समोरासमोर ठेवणारी स्क्रिप्ट हवी. यादीत आहे, डिरेक्टरीत नाही, तर उघडा. डिरेक्टरीत आहे, यादीतून गेला, तर कुलूप लावा. पुसू नका, कारण अंक पुन्हा वापरात जाता कामा नये आणि मुलगा आठवड्यात परतही येऊ शकतो. इथे मी समोरच्यांची एक भीती पूर्ण मान्य करतो. कुणी चुकून रिकामी फाइल ठेवली तर ही स्क्रिप्ट एका रात्रीत सगळ्या महाविद्यालयाला कुलूप लावेल. हा धोका खरा आहे. त्यावर उपायही स्क्रिप्टमध्येच लिहावा लागतो: आजची यादी कालच्यापेक्षा ठराविक प्रमाणाहून लहान असेल तर काहीही न करता थांब आणि माणसाला कळव. हा थांबा नसलेली स्क्रिप्ट मी स्वतः कुठल्याही सर्व्हरवर चालू देणार नाही.

तसाच दुसरा बरोबर आक्षेप: स्क्रिप्टमध्ये मुख्य प्रशासकाचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो आणि ती लिहिणारा नोकरी सोडून गेला की कुणालाच काही समजत नाही. असं होतं. पण हा दोष स्क्रिप्ट असण्याचा नाही, ती कशी ठेवली याचा आहे. स्क्रिप्टला स्वतःचं वेगळं खातं द्या, ज्याला फक्त विद्यार्थ्यांच्या शाखेत लिहिता येतं, प्राध्यापकांच्या नोंदींना हात लावता येत नाही. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, जी इतरांना वाचता येणार नाही. स्क्रिप्ट गिटमध्ये, प्रत्येक बदल कुणी आणि का केला यासह, आणि शेरे मराठीत लिहा म्हणजे पुढच्याला कळतील. हाताने काम करणारा निवृत्त होतो तेव्हा तो काय नियम पाळत होता हे त्याच्याबरोबर जातं. लिहिलेली स्क्रिप्ट निदान वाचता येते.

नोकऱ्या जातील या भीतीबद्दल थोडंसं. सोलापूरने गिरण्या बंद पडताना पाहिल्या आहेत, ही भीती इथे कुणी हलक्यात घेऊ नये. पण कुठल्याही महाविद्यालयात खाती उघडणं ही कुणाची नेमणूक नसते. ते लॅब असिस्टंटच्या किंवा कार्यालयातल्या लिपिकाच्या गळ्यात, ऐन प्रवेशाच्या गर्दीत, घातलेलं जादा काम असतं. स्क्रिप्टने बाजूला काढलेल्या पंचवीस-तीस अडचणीच्या नोंदी तपासायला मात्र माणूसच लागतो, आणि तिथे त्याच्या गावच्या नावांच्या माहितीचं खरं चीज होतं.

या वादात विद्यार्थ्याचं नाव क्वचित निघतं. आपलं विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी उभं राहिलं, ते करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याच्या मुलांना कोल्हापूरच्या विद्यापीठाकडे पाहावं लागू नये म्हणून. ती मुलं एसटीने येतात, सकाळच्या प्रॅक्टिकलला बसतात आणि त्यांना सांगितलं जातं की तुमची यादी अजून भरून झाली नाही, शेजारच्याच्या लॉगिनवर बसा. दोघांचं काम एका खात्यात साठतं, परीक्षेच्या वेळी कुणाची फाइल कोणती यावरून भांडणं होतात. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती मोफत. घरी बसून अशी नियतकालिकं वाचायची तर संस्थेने ‘हा आमचा विद्यार्थी’ असं सांगणारं खातं द्यावं लागतं. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची इन्फेड ही यंत्रणा त्याच पायावर उभी आहे. एका बाजूला एवढा खर्च होतो, आणि आमचा विद्यार्थी ऑक्टोबरपर्यंत लॉगिनची वाट पाहतो, कारण कुणीतरी ठरवलं की नावं हातानेच भरलेली बरी. याचा मला राग येतो आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

ज्यांचं मत अजूनही बदललेलं नाही, त्यांनी माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवू नये, आपलंच दप्तर उघडावं. मागच्या वर्षी प्रवेश रद्द करून गेलेल्यांची यादी प्रवेश विभागाकडून घ्यावी, सर्व्हरवर चालू असलेल्या खात्यांची यादी काढावी, आणि त्या रद्द झालेल्यांपैकी किती जण आज या क्षणी लॉगिन करू शकतात ते पुढच्या बैठकीत सांगावं. ही तुलना हाताने करायला किती दिवस लागले, तेही त्याच बैठकीत सांगावं.